माउंट केनियावरचा हत्ती: १९१० च्या सफारीतील एक अपघात आणि त्यानंतरची रात्र

प्रकरण कशाविषयी आहे

१९१० साली ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या केनियात, माउंट केनियाच्या उतारावरील दाट जंगलात एका नर हत्तीने कार्ल एकली या अमेरिकन प्राणिसंग्राहकाला जमिनीवर दाबून जवळजवळ चिरडून टाकले. एकली वाचले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सफारींविषयी जे लिहिले जाते, त्यात हा प्रसंग बहुधा हत्तीच्या सुळ्यांपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो, कारण थरार तिथे आहे. अभ्यासासाठी मात्र हल्ल्याचे ते काही क्षण हा या प्रकरणाचा सर्वांत लहान भाग आहे. एकली बेशुद्ध पडल्यापासून डॉक्टर त्यांच्यापाशी पोहोचेपर्यंत जो वेळ गेला, त्या वेळात इतरांनी काय ठरवले यावर त्यांचा जीव टांगलेला होता, आणि त्यातला सर्वांत मोठा निर्णय त्यांच्या पत्नी डेलिया एकली यांचा होता.

या दोघांची नावे सार्वजनिक इतिहासाचा भाग असल्याने ती येथे दिली आहेत. हमाल, मागकाढे, बंदूक वाहणारे आणि निरोपे यांचा उल्लेख मात्र त्यांच्या कामावरूनच केला आहे.

पार्श्वभूमी

एकली यांचा जन्म १८६४ चा, न्यूयॉर्क राज्यातला. मेलेल्या प्राण्यांच्या कातड्यात पेंढा भरून ते उभे करण्याच्या धंद्यात ते तरुणपणीच शिरले, पण पेंढा ठासून फुगवलेले ते बेढब प्राणी त्यांना मान्य नव्हते. आधी मातीत प्राण्याचे स्नायूंसह शिल्प घडवायचे, त्यावरून हलका पोकळ साचा तयार करायचा आणि मग त्यावर कातडे बसवायचे, अशी पद्धत त्यांनी विकसित केली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील निसर्गविभागात ज्यांनी रंगवलेल्या पार्श्वभूमीपुढे उभे केलेले प्राणी पाहिले आहेत, त्यांना या मांडणीची कल्पना येईल. तिला जगभर जे रूप मिळाले, त्यात एकली यांचा वाटा फार मोठा आहे.

१९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने त्यांच्याकडे आफ्रिकी हत्तींचा एक मोठा समूह उभा करण्याचे काम सोपवले. त्याच वर्षी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हेही पूर्व आफ्रिकेत शिकारीच्या सफारीवर होते आणि उआसिन गिशूच्या पठारावर दोन्ही तांड्यांची गाठ पडून रूझवेल्ट यांनी या समूहासाठी हत्ती मारून दिले. तरीही एकली यांचे समाधान झाले नव्हते. त्यांना अधिक भव्य नर हवा होता. शिवाय संग्रहालयात हत्तींच्या मागे जे जंगल रंगवायचे, त्याची छायाचित्रे हवी होती. म्हणून ते पुन्हा माउंट केनियाकडे वळले. हा डोंगर त्यांना अपरिचित नव्हता. १९०५-०६ मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियमसाठी ते आणि डेलिया याच भागात आले होते. त्या संग्रहालयात आजही झुंजताना उभ्या असलेल्या दोन हत्तींपैकी एक डेलिया यांनी मारलेला आहे. त्या केवळ सोबत आलेल्या पत्नी नव्हत्या. रायफल चालवणे, कातडी सांभाळणे, छावणी चालवणे आणि हमालांशी बोलणे ही सर्व कामे त्या करत आणि एकली नसताना तळावरचा शब्द त्यांचा असे.

त्या काळच्या सफारीचा व्यवहार थोडा समजून घ्यायला हवा. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे १९०१ मध्ये पूर्ण झाली होती आणि ती बांधण्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेण्यात आले होते. या भागात चलनही आपला रुपयाच होता, आणि तो १९२० पर्यंत चालला. शिकारीच्या मोठ्या परवान्याला ५० पौंड म्हणजे ७५० रुपये पडत आणि पाठीवर साठ पौंडांचे, म्हणजे सुमारे २७ किलोंचे ओझे वाहणाऱ्या हमालाला महिन्याला साधारण १० रुपये मिळत. रेल्वे सोडली की पुढचा सारा प्रवास या हमालांच्या जिवावर होई. मुकादम, स्वयंपाकी, तंबूचा नोकर, पहारेकरी, बंदूक वाहणारे आणि मागकाढे अशी कामांची उतरंड ठरलेली होती. या उतरंडीत प्रत्येक गोष्टीचा हुकूम एका माणसाकडून सुटे. तो माणूसच कोसळला तर काय, याची व्यवस्था बहुतेक सफारींत नसे, आणि या प्रकरणात ती उणीव पुरती उघडी पडली.

डोंगराविषयीही दोन शब्द सांगावे लागतील. माउंट केनियाचे शिखर ५,१९९ मीटर उंच आहे. खालच्या शेतीच्या पट्ट्यानंतर दाट जंगल आणि साधारण अडीच ते तीन हजार मीटरांच्या दरम्यान बांबूचा पट्टा लागतो. तिथे धुके, पाऊस आणि विषुववृत्तावर असूनही हाडे गोठवणारी थंडी असते. चार-पाच पावलांपलीकडचे दिसत नाही. वारा एका दिशेने वाहत नाही. दरीदरीत तो वळतो. हत्तीची नजर बेताची असली तरी त्याचे नाक अत्यंत तीक्ष्ण असते, म्हणजे अशा जागी माणूस आंधळा असतो आणि हत्तीला सारे कळत असते. त्यात हस्तिदंतासाठी या भागातले हत्ती कित्येक वर्षे मारले जात होते. माणसाचा वास म्हणजे बंदूक हे त्यांच्यातल्या थोराड नरांना पुरते ठाऊक झाले होते. पाठलाग होत असल्याचे कळल्यावर असा नर पळून न जाता वळसा घालून आपल्याच मागावर परत येऊ शकतो.

प्रसंग

जंगलाच्या कडेला मुख्य तळ होता आणि डेलिया तिथे थांबल्या होत्या. एकली मोजके हमाल, मागकाढे आणि बंदूक वाहणारे घेऊन छायाचित्रांसाठी वर गेले होते. तिथे त्यांना मोठ्या नर हत्तींचा ताजा माग लागला. मोडलेल्या फांद्या, चघळून टाकलेला पाला आणि लीद यांवरून हत्ती फार दूर नाहीत हे स्पष्ट होते. छायाचित्रांचे काम बाजूला राहिले आणि हत्तींचा पाठलाग करायचे ठरले. हमालांनी ओझी उतरवली. पाठलागासाठी कोणाला बरोबर न्यायचे आणि कोणाला मागे ठेवायचे हे एकली ठरवू लागले.

यानंतरचे दृश्य एकली यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. थंडीने त्यांचे हात बधिर झाले होते. बंदूक वाहणाऱ्याने पुढे केलेली काडतुसे ते तपासत होते. हत्तीच्या कवटीत शिरायला कठीण कवचाचीच गोळी लागते, म्हणून ही तपासणी पाठलागापूर्वी नेहमीच केली जाई. दुनळी रायफल त्यांनी अंगाला टेकवून उभी ठेवली होती आणि ते हात चोळून ऊब आणत होते. जंगलाकडे त्यांची पाठ होती. समोर उभ्या असलेल्या बंदूक वाहणाऱ्याला हत्ती दिसला असणारच, पण त्याने ओरडून सावध केल्याचे एकली यांना आठवत नव्हते. हत्ती अगदी अंगावर आला आहे एवढेच एकाएकी जाणवले, ते कशावरून जाणवले हेही त्यांना पुढे कधी सांगता आले नाही. सहा टनांच्या आसपासचा प्राणी इतक्या जवळ येईपर्यंत आवाज होऊ नये याचे आश्चर्य वाटते, पण हत्तीच्या तळव्यात चरबीची जाड लवचीक गादी असते आणि ओल्या पाल्यावर तो खरोखरच आवाज न करता चालतो.

एकली वळले, रायफल उचलली आणि खटक्याचा अडसर पुढे सरकवू लागले. तो सरकेना. तेवढ्यात सुळा छातीशी आला. त्यांनी दोन्ही हातांनी दोन्ही सुळे धरले आणि त्यांच्या मधोमध ते उताणे खाली गेले. हत्तीने सुळे त्यांच्या दोन्ही अंगांना जमिनीत रोवले आणि वळवलेली सोंड छातीवर दाबत आपला सारा भार खाली आणला. सुळे जमिनीखाली कशाला तरी, बहुधा मुळाला किंवा दगडाला, अडले असावेत असे एकली यांचे मत होते. ते आणखी वीतभर आत गेले असते तर छातीचे काही उरले नसते. एकली बेशुद्ध झाले. मग हत्ती त्यांना सोडून पळणाऱ्या माणसांच्या मागे धावला.

त्यांना झालेल्या जखमा अशा होत्या: नाक मोडले, एक डोळा बंद झाला, एक गाल फाटून दात उघडे पडले, कित्येक बरगड्या तुटल्या आणि फुप्फुसाला इजा झाली.

पेचाचे स्वरूप

हत्ती गेल्यावर माणसे परतली, तेव्हा एकली हालचाल न करता रक्ताच्या थारोळ्यात पडले होते. ते मेले असेच सर्वांना वाटले. येथे पहिला पेच उभा राहिला, आणि तो निव्वळ भीतीचा नव्हता. बरोबरच्या माणसांत किकुयू होते, आणि किकुयू समाजात त्या काळी प्रेताला हात लावल्यास मोठा विटाळ मानत. त्यासाठी शुद्धीचे विधी करावे लागत. मृत्यू जवळ आलेल्याला घराबाहेर नेऊन ठेवण्याचीही रीत होती. त्यामुळे एकली बराच वेळ पावसात होते तिथेच पडून राहिले आणि माणसे थोड्या अंतरावर जाळ करून बसली. त्यांच्या वागण्याला नुसता भ्याडपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. महिन्याला १० रुपये मिळवणारा माणूस, आपल्या समजुतीप्रमाणे मेलेल्या परक्या मालकाला शिवून घरी विटाळ नेणार नाही, हे ओळखून आधीच व्यवस्था करणे हे सफारी चालवणाऱ्याचे काम होते. याच माणसांपैकी काहीजण धुक्यातून आणि पावसातून खाली धावत गेले आणि डेलिया यांच्यापर्यंत निरोप पोहोचला, हे बहुतेक वर्णनांत एका ओळीत उरकले जाते.

एकली शुद्धीवर आले ते पावसातच. त्यांना हाक मारता आली, हातपाय थोडे हलवता आले आणि ते जिवंत आहेत हे कळताच माणसांनी त्यांना उचलून जाळाजवळ आणले, पांघरुणे दिली, गरम पेय पाजले. समजुतीचा अडथळा फक्त प्रेतापुरता होता हे यावरून दिसते.

खाली तळावर निरोप आला तो दिवस मावळल्यावर. हत्तीने मालकाला पाडले एवढाच त्याचा गाभा होता. ते जिवंत आहेत की नाहीत हे निरोप्यांना ठाऊक नव्हते, कारण ते निघाले तेव्हा एकली बेशुद्ध होते. आता निर्णय एकट्या डेलिया यांना घ्यायचा होता.

तोलले गेलेले पर्याय

डेलिया यांच्यापुढे तीन मार्ग होते आणि तिन्हींत धोका होता.

पहिला मार्ग सकाळपर्यंत थांबण्याचा. तळावरची माणसे याच बाजूची होती आणि त्यांचे म्हणणे चुकीचे म्हणता येत नाही. रात्री त्या जंगलात शिरणे म्हणजे हत्तींच्या वाटांवरून चालणे, कारण दुसऱ्या वाटाच नव्हत्या. जखमी नसला तरी खवळलेला नर तिथेच कुठेतरी होता. वाट चुकली तर सकाळी एका संकटाऐवजी दोन संकटे उभी राहिली असती. पण एकली जिवंत असतील तर थंडी, पाऊस आणि रक्तस्राव त्यांना सकाळपर्यंत जगू देतील याची काहीच शाश्वती नव्हती. शिवाय तरसांना आणि बिबट्यांना रक्ताचा वास येत असतो.

दुसरा मार्ग माणसांची एक तुकडी पाठवून स्वतः तळावर थांबण्याचा. यात तळावर निर्णय घेणारे कोणीतरी राहिले असते, डॉक्टर आला तर त्याला पुढे धाडता आले असते. पण रात्री जायला नाखूष असलेली तुकडी अर्ध्या वाटेत जाळ करून बसणार नाही, याची हमी कोणी देऊ शकत नव्हते. आणि ती पोहोचली असती तरी जखमांचे काय करायचे हे तिच्यातल्या कोणाला माहीत नव्हते.

तिसरा मार्ग स्वतः रात्रीच निघण्याचा.

हल्ल्यापूर्वी एकली यांच्यापुढेही पर्याय होते, हे विसरून चालणार नाही. ताजा माग दिसल्यावर एकली यांना ओझेवाल्या हमालांना बरेच मागे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला नेऊन मगच माणसे निवडता आली असती. त्यांना मागकाढ्यांना आधी पुढे पाठवता आले असते. किंवा आपण छायाचित्रांसाठी आलो आहोत हे लक्षात ठेवून त्यांना त्या दिवशी हत्ती सोडून देता आले असते. या पर्यायांचा त्यांनी किती विचार केला हे त्यांच्या लिखाणात दिसत नाही. मोठ्या नराची ओढ मात्र दिसते.

केलेली कार्यवाही

डेलिया यांनी दोन कामे केली, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी त्यांनी जासूद रवाना करून स्कॉटिश मिशनच्या डॉक्टरांना बोलावणे धाडले. पती जिवंत आहेत की नाहीत याची खातरजमा करून मग डॉक्टर बोलवायचा, असा विचार त्यांनी केला नाही. खातरजमा व्हायला दुसरा दिवस लागला असता आणि तिथून डॉक्टरपर्यंत निरोप जायला आणखी एक. तो डॉक्टर वाया आला असता तर एका डॉक्टरचे दोन दिवस गेले असते, एवढाच या निर्णयाचा तोटा होता. अशा हिशेबाला मला तरी संपूर्ण प्रकरणातील सर्वांत मोठे शहाणपण म्हणावेसे वाटते.

मग त्यांनी औषधे, पांघरुणे आणि खाण्यापिण्याचे सामान बांधले, सुमारे २० माणसे तयार केली आणि मध्यरात्रीच्या सुमारास त्या निघाल्या. माणसे मनापासून आली नाहीत. त्यांना उठवावे लागले, समजवावे लागले, दरडवावेही लागले. पाऊस होता, वाट अशी नव्हतीच. बांबूच्या दाटीतून आणि ओल्या झुडपांतून कंदिलाच्या उजेडात ती माणसे वर सरकत राहिली. अशा जंगलात एकमेकांचा ठाव कळावा म्हणून बंदुकीचे बार काढत. वरच्या छावणीतून आणि खालून येणाऱ्या तुकडीतून अशा बारांनी एकमेकांना खूण दिली गेली. दाट धुक्यात हाक शे-दोनशे पावलांत विरते, बार मात्र दरी ओलांडून ऐकू जातो. जाळाजवळ पडलेल्या एकली यांच्या दृष्टीने ते बार म्हणजे कोणीतरी येत असल्याची पहिली खात्री होती.

डेलिया पोहोचल्यावर जखमा धुतल्या गेल्या, गाल जागेवर बसवून बांधला गेला, ऊब आणि अन्न मिळाले. मिशनचे डॉक्टरही ताबडतोब निघाले होते. या भागातले जंगल त्यांच्या सवयीचे नव्हते, तरी अपेक्षेहून लवकर ते येऊन थडकले. जखमी माणसाला डोलीत घालून, वाट तोडत आणि उतारावर पावले सांभाळत खाली आणण्याचे काम हमालांनी केले. ज्यांनी आदल्या दिवशी प्रेत समजून हात लावला नव्हता, त्यांच्याच खांद्यावर ही डोली होती.

त्या काळाच्या मानाने डॉक्टर लवकर पोहोचणे किती मोलाचे होते, हे शेजारच्या एका घटनेवरून कळते. पुढल्याच वर्षी, १९११ मध्ये, ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांचे बंधू जॉर्ज ग्रे यांना याच मुलखात सिंहाने फाडले. सोबत अनुभवी शिकारी होते, सिंह तिथेच मारला गेला, त्यांना नैरोबीला आणले गेले, तरी काही दिवसांत ते गेले. प्रतिजैविकांपूर्वीच्या त्या काळात श्वापदाच्या तावडीतून सुटणे आणि वाचणे यांत बरेच अंतर होते. एकली यांना स्वतःला हे ठाऊक होते: १८९६ मध्ये सोमालीलँडमध्ये एका बिबट्याने त्यांचा दंड चावून चोथा केला होता, त्यांनी त्याच्या घशात मूठ कोंबून आणि छातीवर गुडघे दाबून त्याला मारले होते, आणि त्यानंतर प्रत्येक दाताच्या जखमेत जंतुनाशक भरले गेले म्हणूनच हात वाचला होता.

परिणाम

एकली यांना अंथरुणातून उठायला सुमारे तीन महिने लागले. पडून असतानाच त्यांच्या मनात आफ्रिकेतील सस्तन प्राण्यांच्या एका भव्य दालनाची कल्पना आकाराला आली: मधोमध हत्तींचा समूह आणि भोवती आपापल्या परिसरात उभे असलेले प्राणी. न्यूयॉर्कमधले हे दालन १९३६ मध्ये उघडले. मधल्या चौथऱ्यावर आठ हत्ती आहेत आणि चहूबाजूंना २८ देखावे. एकली ते पाहायला नव्हते. नोव्हेंबर १९२६ मध्ये बेल्जियन काँगोतील मिकेनो पर्वतावर त्यांचा मृत्यू झाला आणि तिथेच त्यांना पुरले. त्याच परिसरात गोरिलांसाठी राखीव जंगल व्हावे म्हणून त्यांनी केलेल्या खटपटीतून १९२५ मध्ये आल्बर्ट राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले होते. संग्रहालयासाठी प्राणी मारण्याची त्यांची रीत आज कोणी मान्य करणार नाही, करूही नये. पण मारता मारता हे प्राणी संपत आहेत हे ज्यांना लवकर दिसले, त्यांत ते होते.

बरे झाल्यावर ते पुन्हा हत्तींच्या मागावर गेले आणि आपले धैर्य खचले आहे असे त्यांना आढळले. शरीर पुरते सावरण्याआधीच आपण गेलो, असे त्यांनी पुढे लिहिले. मन ताळ्यावर यावे म्हणून त्यांनी स्वतःला बळेच पुढे ढकलले.

डेलिया यांच्या वाट्याला काय आले, तेही परिणामांतच धरले पाहिजे. १९२३ मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. पुढे ब्रुकलिन म्युझियमसाठी त्यांनी स्वतःच्या नेतृत्वाखाली आफ्रिका ओलांडली. न्यूयॉर्कच्या दालनाला एकली यांचे नाव आहे. त्या रात्री डेलिया निघाल्या नसत्या तर दालनाची कल्पना सुचायला एकली राहिले असते की नाही याची शंका आहे, आणि तरी त्या दालनाच्या गोष्टीत डेलिया फार थोड्या जागी भेटतात. याची मला मनापासून खंत वाटते.

निर्णयांचा फेरविचार

पहिला मुद्दा थांबण्याच्या जागेचा. हल्ला झाला तेव्हा शिकार सुरू व्हायची होती, तयारी चालू होती. तयारी म्हणजे सुरक्षित वेळ, असे सगळेच धरून चालले. प्रत्यक्षात ताज्या मागावर उभे राहून, ओझी उतरवण्याचा आवाज करत, वळणाऱ्या वाऱ्यात पंधरा-वीस माणसांचा वास सोडत ती तयारी चालली होती. काडतुसे तपासायची तर ती छावणीतून निघतानाच तपासायला हवी होती. निदान एक मागकाढा जंगलाकडे तोंड करून उभा हवा होता आणि हात बधिर झाले असतील तर भरलेली दुसरी बंदूक दुसऱ्याच्या हातात तयार हवी होती.

दुसरा मुद्दा हत्याराचा. अडसर का सरकला नाही, याचा निवाडा करता येत नाही. थंडीने बोटांत जोर नसेल किंवा यंत्रात ओल शिरली असेल. पण अशा हवेत अडसर चालतो की नाही हे रोज सकाळी पाहणे शक्य होते. याउलट सुळे धरून मधोमध जाण्याची जी हालचाल त्यांनी केली, ती अचानक सुचलेली नव्हती. असा प्रसंग आला तर काय करायचे याची उजळणी ते मनातल्या मनात पूर्वीपासून करत आले होते. विचार करायला वेळ नसताना शरीराने तेच केले. एका क्षणासाठी इतकी पूर्वतयारी करणाऱ्या माणसाने त्या क्षणानंतरच्या तासांसाठी काहीच तयारी केली नव्हती, ही या प्रकरणातली सर्वांत बोचणारी विसंगती आहे.

त्यातूनच तिसरा मुद्दा निघतो, आणि तो मला सर्वांत वजनाचा वाटतो. प्रमुख पडला तर मुकादमाने काय करायचे, हे आधी सांगून ठेवलेले नव्हते. मेला की जिवंत हे कसे ओळखायचे, तोंडापुढे आरसा किंवा काच धरायची, छातीला कान लावायचा, आणि शंका असेल तर जिवंतच धरायचे. निरोप्याने खाली जाऊन नेमके काय सांगायचे. वर राहिलेल्यांनी किती वेळाने बार काढायचा. प्रेताच्या विटाळाची अडचण ठाऊक असलेल्या मालकाने, ती समजूत नसलेला एखादा माणूस या कामासाठी नेमून ठेवायला हवा होता. हमालांत वेगवेगळ्या समाजांची आणि धर्मांची माणसे असत, तेव्हा असा माणूस मिळणे अशक्य नव्हते. असे झाले असते तर एकली पावसात जे कित्येक तास पडून राहिले, ते टळले असते.

चौथा मुद्दा डेलिया स्वतः निघाल्या त्याचा. त्यांच्या निर्णयाचे कौतुक करतानाही त्यातला धोका मोजला पाहिजे. मुलखातले वजन, डॉक्टरशी संपर्क आणि सामानाचा ताबा या सगळ्यांची किल्ली आता एकट्या त्यांच्याकडे होती. त्या रात्री त्या वाट चुकल्या असत्या किंवा त्यांनाही हत्ती भेटला असता, तर त्या दोघांना शोधायला कोण निघाले असते? त्यांनी तळावर थांबायला हवे होते असे या आधारावर कोणी म्हणू शकेल. मला ते पटत नाही, आणि त्याचे कारण त्यांच्या धाडसापेक्षा त्यांनी आधी केलेल्या कामात आहे. डॉक्टरकडे जासूद अगोदरच गेला होता. त्या स्वतः पोहोचल्या नसत्या तरी दुसरा माणूस दुसऱ्या वाटेने त्या डोंगराकडे निघालेलाच होता.